अण्णांची नोंद निघत नाही

माझं काम नेमकं काय, हे आमच्या गल्लीत कुणालाच सांगता येत नाही. "मॅडमचं कॉम्प्युटरचं हाय" एवढं माहीत असतं, आणि तेवढ्या भरवशावर लोक मिक्सर, इन्व्हर्टर आणि एकदा तर शिलाई मशीनसुद्धा माझ्या दारात आणून ठेवतात. शिलाई मशीन मी दुरुस्त करून दिली. ती उघडली की आतलं दिसतं, कुठला दात कुठं अडकलाय ते कळतं. माझ्या स्वतःच्या कामाबद्दल मला असं म्हणता यायचं नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. असल्या अंकात निवृत्त फौजदार लिहितात, डॉक्टर लिहितात, जंगलखात्यातले लोक लिहितात. त्यांच्याकडं खून, साप, बिबट्या असं काहीतरी सांगण्यासारखं असतं. माझ्याकडं काय, तर डेटाबेस. पण संपादकबाई चिवट निघाल्या. म्हणाल्या, "तुम्हाला जे कळलं नाही ते लिहा." मग काय, विषयाला तोटाच नव्हता.

तर आधी काम सांगते. धाराशिवात बसस्टँडच्या मागं, एका औषधाच्या दुकानावर माझं ऑफिस आहे. जिल्ह्यातल्या छोट्या धंद्यांना आणि संस्थांना त्यांच्या नोंदी मोबाईलवर ठेवता येतील अशी वेब अ‍ॅप्लिकेशनं मी करून देते. लोक त्याला सरळ अ‍ॅप म्हणतात, मीही आता तेच म्हणते. धंदा मंडपाचा असो, रोपांचा असो नाहीतर शेळ्यांचा, फिरून फिरून कामं तीच. सगळ्या नोंदींची यादी दाखवायची, त्यातली एक उघडून दाखवायची, नवी घालायची, असलेली बदलायची आणि नको ती काढून टाकायची. या प्रत्येक कामाला एक व्ह्यू लागतो. व्ह्यू म्हणजे माणसानं बोट लावलं की डेटाबेसमधून नोंद काढून त्याच्यापुढं पान मांडणारा कोडचा तुकडा.

पूर्वी असे तुकडे मी ओळ न् ओळ हातानं लिहायची. लांबलचक व्हायचे, कंटाळवाणे व्हायचे, पण वरून खाली वाचलं की काय चाललंय ते समजायचं. मग क्लासवाले व्ह्यू आले. क्लास म्हणजे कोडचा तयार साचा. यादीचा व्ह्यू तयार, नव्या नोंदीचा तयार, काढून टाकायचाही तयार. आपण फक्त म्हणायचं, "माझा हा व्ह्यू त्या तयार व्ह्यूचा वारसदार," आणि खाली दोन-तीन ओळींत आपलं वेगळेपण सांगायचं. तयार ब्लाउज आणून नुसती बाही बदलून घेतो, तसं. मला पहिल्यांदा कुणी ते करून दाखवलं तेव्हा मी हरखून गेले. आठवड्याचं काम चहा गार व्हायच्या आत झालं होतं.

हरखणं उतरलं ते पहिली चूक शोधताना. माझ्या ओळी तीन, त्यात चूक नाही. मग चूक त्याच्या आईत, म्हणजे ज्याचा तो वारसदार त्या व्ह्यूत, असेल म्हणून आईचा कोड उघडला. तिथं लिहिलेलं, हे काम माझ्या आईकडं. तिची उघडली, तर तिनं अर्धं काम शेजारणींवर सोपवलेलं. या शेजारणींना आमच्यात मिक्सिन म्हणतात. त्या येतात, कामात हात घालतात आणि निघून जातात. त्यांचा येण्याचा क्रम बदलला तरी गोंधळ होतो. संध्याकाळपर्यंत मी त्या खानदानात हिंडत होते आणि शेवटी मूळ चूक काय शोधायची होती तेच विसरले. इतकी वर्षं झाली, अजूनही काम होतं आणि कुठं होतं ते मला चटकन सांगता येत नाही. हे गिऱ्हाइकांना मी कधी कळू देत नाही.

गिऱ्हाइकं तरी काय सरळ असतात? परंड्याचे चाँदभाई लग्नाची भांडी आणि मंडप भाड्यानं देतात. त्यांना अ‍ॅप करून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, म्या सगळं भरलं, बटन दाबलं, आन् पान पळून गेलं." नवी नोंद झाली की तो व्ह्यू माणसाला परत यादीवर आणून सोडतो, ही त्याची रीत. चाँदभाईंना वाटायचं नोंद बुडाली. ते पुन्हा भरायचे, पान पुन्हा पळायचं, ते पुन्हा भरायचे. एका लग्नाच्या पातेल्यांनी सगळी यादी भरून टाकली होती. मी मग वर हिरव्या पट्टीत "नोंद झाली" असं येईल असं करून दिलं. फोन आला, "मॅडम, नोंद झाली म्हणतंय. खरं बोलतंय का ते?"

अणदूरच्या नर्सरीवाल्यांची तर निराळीच तऱ्हा. नोंद काढून टाकताना तो व्ह्यू लगेच काढत नाही, आधी एक पान दाखवून विचारतो, "खात्री आहे का?" चांगली सवय आहे. पण हे गृहस्थ तिथवर पोहोचले की मला फोन लावायचे. "मॅडम, ते इचारतंय खात्री हाय का. मला तर न्हाय. तुमाला हाय का?" मी इथं बसून त्यांच्या डाळिंबाच्या रोपांबद्दल काय खात्री देणार? "राहू द्या मग," म्हणायची. त्यांच्या अ‍ॅपमधून आजतागायत एकही नोंद निघालेली नाही. त्या वेळी मी हसले होते. पुढं बेंबळीच्या प्रकरणात त्याच पानापुढं मी स्वतः बसले तेव्हा हसू आलं नाही.

बेंबळीच्या परिसरातल्या शेळ्या पाळणाऱ्यांची एक संस्था आहे. आपल्याकडची काळी उस्मानाबादी शेळी, जोडीनं करडं देणारी, तिची नीट पैदास व्हावी म्हणून संस्था प्रत्येक शेळीच्या कानात नंबराचा बिल्ला मारते. बिल्ल्याची नोंद अ‍ॅपमध्ये. नोंद असली तर डॉक्टर येतो, विमा होतो, संस्थेच्या नावावर बाजारात चांगली किंमत येते. नोंद नसली तर ती रस्त्यावरची शेळी. प्रत्येक शेळीला एक मालक, असं संस्थेनं सांगितलं, तसं मी केलं. सभासदानं आपल्या सभासद नंबरनं आत शिरायचं की त्याला फक्त त्याच्या शेळ्या दिसणार. ही गाळणी मी सगळ्या व्ह्यूंच्या आईत एकदाच लावली, म्हणजे यादी असो, बदल असो, सगळीकडं ती आपोआप लागू. त्याचा मला थोडा गर्वही होता.

एक दिवस शेवंताबाईंचा फोन आला. बेंबळीच्याच. आवाज करडा. "बाई, माझ्या शेळ्या दिसंनात."

मी विचारलं, "चोरीला गेल्या?"

"चोरीला कशानं? दारात बांधल्यात. मोबाईलमधी दिसंनात."

संस्थेच्या सचिवांनी त्यांना नुकताच नवा सभासद नंबर काढून दिला होता. त्यांनी आत शिरून बघितलं तर यादी कोरी. एका शेळीच्या जुन्या दुव्यावर बोट लावलं तर "पान सापडलं नाही". मी डेटाबेस बघितला. त्यांच्या नावावर एकही शेळी नव्हती. तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग ह्या मेंऽ मेंऽ करायल्यात त्या कोण?" खरंच फोनमधून ओरडणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, बघते.

आणि बघतच राहिले. गाळणी तपासली. तिच्या आईची तपासली. शेजारणींचा क्रम उलटा-सुलटा करून बघितला. इतर सभासदांना त्यांच्या शेळ्या बरोबर दिसत होत्या. एकट्या शेवंताबाईंच्याच का दिसू नयेत? त्या दिवसाआड फोन करायच्या आणि मी काहीतरी अवघड शब्द सांगून वेळ मारून न्यायची. एकदा त्या म्हणाल्या, "बाई, तुमी लई शिकलेल्या दिसताय, एक शब्द कळंना." मला राग आला. पण खरं सांगायचं तर मलाही एक शब्द कळत नव्हता.

अशात एक तरुण गृहस्थ जिना चढून आले. नाव मल्लिनाथ. सोलापुरात नोकरी. हातात जुना, कोपरा फुटलेला मोबाईल. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं अ‍ॅप आमच्या अण्णांना सोडत नाही."

अण्णा म्हणजे त्यांचे वडील. बेंबळीत किराणा दुकान, थोडी शेती, थोड्या शेळ्या. दिवाळीनंतर लगेच वारले होते. मुलानं आईला सोलापूरला नेलं, अण्णांचा फोनही सोबत नेला. त्या फोनवर माझ्या अ‍ॅपचे मेसेज येत राहिले. चांदणीला जंताचं औषध द्या. चांदणीला लस द्या. मेसेज वाजला की आई हातातलं काम टाकून फोन बघायला उठायच्या. "कुणाला तरी द्यायचा असतो ना निरोप," मल्लिनाथ म्हणाले, "ती अण्णांना शोधत घरात हिंडते, आणि मग तिला आठवतं." त्यांनी अण्णांचं सभासदत्व रद्द करायचं ठरवलं. बटन दाबलं, "खात्री आहे का" ला हो म्हटलं, आणि अ‍ॅपनं लाल पट्टी दाखवली. ही नोंद काढता येत नाही.

मी म्हटलं, बघते. पुन्हा तेच. काढून टाकायचा व्ह्यू उघडला, माझ्या तीन ओळी, त्यात नकार नाही. आईत नाही. आजीत नाही. मल्लिनाथ समोर बसून चहा पीत होते आणि मी पडद्यावर एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उड्या मारत होते. नकार सापडला तो भलतीकडंच. व्ह्यूमध्ये नव्हताच, डेटाबेसच्या मांडणीत होता. शेळीची नोंद मालकाला जिथं जोडलेली असते, तिथं एक शब्द होता, प्रोटेक्ट. त्याचा अर्थ असा की एखाद्याच्या नावावर एक जरी शेळी उभी असली, तरी त्या माणसाची नोंद काढू द्यायची नाही. तो शब्द तिथं मीच लिहिला असणार, दुसरं कोण? का लिहिला, ते काही केल्या आठवेना.

"तुमच्या अण्णांच्या नावावर शेळ्या आहेत," मी सांगितलं. "त्या आधी दुसऱ्याच्या नावावर करा, मग नोंद निघेल."

"त्या येत्या बाजारात व्यापारी नेणार आहे सगळ्या. बोलणं झालंय. गावात एक मावशी राखते त्यांना, शेवंतामावशी. तिच्या दारातूनच तो उचलून नेईल."

माझा हात माऊसवर थांबला. मी शेवंताबाईंची कोरी यादी उघडली, शेजारी अण्णांची भरलेली यादी उघडली. शेवंताबाईंनी फोनवर सांगितलेली नावं मला पाठ झाली होती. चांदणी, काळी, मुक्की, बांडी. सगळी अण्णांच्या यादीत होती. माझ्या गाळणीत काहीच चुकलं नव्हतं. इतके दिवस मी क्लासच्या खानदानात जे शोधत होते ते तिथं नव्हतंच.

मल्लिनाथांना मी शेवंताबाईंच्या फोनांचं सगळं सांगितलं. ते गोंधळले. "राखणारी बाई आपल्या शेळ्या का म्हणेल?" मला काय माहीत? पण बाजार जवळ आला होता आणि व्यापारी एकदा शेळ्या घेऊन गेला की मग कोण कुणाचं ऐकतो. मी कधी गिऱ्हाइकाच्या दारात जात नाही, त्या दिवशी ऑफिसला कुलूप लावलं आणि त्यांच्या गाडीत बसले.

शेवंताबाई उन्हात बसून सुबाभळीचा पाला टाकत होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. मल्लिनाथांकडं बघून म्हणाल्या, "आलास व्हय मल्लू. आई कशी हाय?" मग माझ्याकडं वळून, "आन् ह्या त्याच बाई ना, फोनवरच्या?"

मी व्हय म्हटलं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

मल्लिनाथ भिडस्त माणूस. त्यांनी घसा साफ केला. "मावशी, ह्या शेळ्या अण्णांच्या ना?"

"निम्म्या."

"म्हणजे?"

"म्हंजी अर्धलीनं," शेवंताबाई म्हणाल्या, हे पोर कुठल्या गावाहून आलंय अशा सुरात.

मलाही तो शब्द नवा होता. त्यांनी सांगितलं ते असं. अण्णांनी चांदणी त्यांना सांभाळायला दिली होती. चांदणी अण्णांची, चारापाणी आणि राखण शेवंताबाईंची, आणि होतील त्या करडांत दोघांचा निम्मा वाटा. लिहिणं नाही, सही नाही. दरसाल थंडीत, वेळ अमावस्येच्या सणाला अण्णांच्या शेतात सगळ्यांची जेवणं झाली, आंबील पिऊन झाली की वाटणी. एका वर्षी अण्णांनी तोडीस तोड करडांच्या जोड्या लावायच्या आणि शेवंताबाईंनी जोडीतलं एक आधी उचलायचं, पुढच्या वर्षी शेवंताबाईंनी लावायच्या आणि अण्णांनी उचलायचं. जोड्या लावणाऱ्यानं लबाडी केली तर तोटा त्याचाच, कारण आधी उचलणार दुसरा. मी मनात म्हटलं, इतका साधा नियम मला कुणी आधी सांगितला असता तर.

"मग मोबाईलमध्ये सगळ्या अण्णांच्या नावावर कशा?" मी विचारलं.

"मोबाईल त्यांच्याकडं व्हता. दुकानात बसून तेच भरायचे. म्या सांगायची, ते भरायचे. दोघांना एकच दिसत व्हतं की. मला येगळा नंबर कशाला लागतोय? मोबाईल सोलापूरला गेला तवा काढला."

एका नंबरात दोन माणसं राहत होती, आणि एक माणूस नंबर सोडून गेला. हे माझ्या कुठल्याही क्लासमध्ये बसत नव्हतं.

मल्लिनाथ खाली बघत म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण अण्णा मला कधी बोलले नाहीत."

शेवंताबाईंचा चेहरा आक्रसला. "तुला कशाला बोलतील? तू कधी इचारलंस? आन् म्या सुतकात यिऊन सांगायचं व्हतं का, माझा वाटा काढा म्हणून? तू इचारशील म्हणून म्या वाट बघत व्हते. त्वा व्यापारी धाडला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आईला लाव फोन."

मल्लिनाथांनी स्पीकरवर लावला. आई पलीकडून म्हणाल्या, "निम्म्या शेवंताच्या आहेत की रे. मुक्की तिनं उचलली होती आणि बांडी अण्णांनी, मला तिचे पांढऱ्या ठिपक्यांचे कान आवडले म्हणून. तुला ठाऊक नव्हतं?" शेजारची बाई भिंतीवरून बघत होती, तीही म्हणाली, निम्म्याच. पलीकडं बैल धुणारा माणूस म्हणाला, निम्म्याच. गावात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मल्लिनाथांना आणि माझ्या डेटाबेसला.

मग मी तिथंच ओट्यावर बसून बदलायचं पान उघडलं. शेवंताबाई एकेका शेळीच्या पाठीवर हात ठेवायच्या. ही अण्णांची. ही माझी. मी मालकाच्या रकान्यात नाव बदलून जतन करायची. मल्लिनाथ बाजूला उभे होते. त्यांनी उगाच तोंडानं "बा, बा" असं केलं. अण्णांच्या घरी कानडी बोलणं होतं, बा म्हणजे ये, आणि अण्णा शेळ्यांना असंच बोलवायचे. चांदणीनं पाल्यातून तोंड काढलं आणि सरळ त्यांच्याकडं चालत आली. त्यांना काय करावं कळेना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान फिरवली.

"आवाज त्यांचाच हाय तुझ्याकडं," शेवंताबाई म्हणाल्या.

शेवटी दोन पाटी राहिल्या. पाट म्हणजे तरणी, अजून न व्यालेली शेळी. चांदणीच्या जुळ्या. दोन्ही काळ्याभोर, मला तर एकच वाटल्या. मी रकाना उघडून विचारलं, "ह्या कुणाच्या?"

"ह्यांचं सांगता यायचं न्हाय."

वाटणी व्हायच्या आधीच अण्णा गेले होते. वेळ अमावस्या आली ती दुःखातच, शेतात कुणी गेलं नाही. मी म्हटलं, मग सोपं आहे, एक तुमची, एक त्यांची. मल्लिनाथ म्हणाले, "हो मावशी, कोणती पण द्या. नाहीतर तुम्हीच जोड्या लावा, मी उचलतो."

शेवंताबाईंनी दोन्ही पाटी ओढून त्यांच्यापुढं उभ्या केल्या. "कोणची उचलशील?"

मल्लिनाथांनी दोन्हींकडं बघितलं. "तुम्ही सांगाल ती."

"तेच तर," शेवंताबाई म्हणाल्या. "म्या सांगीन ती तू उचलशील. त्याला वाटणी म्हणत न्हाईत. वाटणीला दोघं लागत्यात. आधी शेळी वळखाय शिक, मग उचल."

"तोवर?"

"तोवर दोन्ही दोघांच्या. अण्णांच्या आन् माझ्या. व्यापाऱ्याला सांग, बाकीच्या तुझ्या त्यानं न्याव्यात, ह्या न्हाईत."

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या पानावर मालकाचा रकाना एक, त्यात नाव एक. अ‍ॅपला दोन नावं चालत नाहीत, असं मी सांगितलं. मल्लिनाथ, जो माणूस सकाळी अण्णांची नोंद काढा म्हणून आला होता, तो म्हणाला, "मग अ‍ॅप बदला, मॅडम."

बदललं. शेळी आणि माणूस यांच्या मधे वाटा नावाचा एक नवीन तक्ता घातला. एका शेळीला कितीही वाटेकरी, एका माणसाचे कितीही वाटे. इथं मात्र त्या क्लासवाल्या खानदानाला मी मनापासून हात जोडले. सगळ्यांच्या आईत गाळणी एकदाच बदलली, "मालक मी" ऐवजी "वाटेकऱ्यांत मी", आणि यादी, नोंद, बदल, सगळी पानं एका दमात सुधारली. लगेच सचिवांचा फोन आला. संस्थेच्या मोठ्या यादीत त्या दोन पाटी दोन-दोनदा दिसत होत्या, वाटेकरी दोन म्हणून. "मॅडम, शेळी व्याली का यादी व्याली?" मी डोकं धरून बसले. मग एकच नोंद दोनदा दाखवू नको असं सांगणारा एक शब्द घालायचा राहिलाय असं लक्षात आलं, तो घातला आणि यादी शुद्धीवर आली.

नव्या तक्त्यात तो प्रोटेक्ट शब्द पुन्हा लिहायचा की नाही, यावर मी बराच वेळ घालवला. नाही लिहिला तर अण्णांची नोंद निघू शकत होती. मल्लिनाथांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "वाटणी कुठं झालीय अजून?" मी शब्द लिहिला. या वेळी का लिहिला ते मला आठवेल.

बाकी त्यांच्या शेळ्यांचं त्यांनी पुढं काय केलं म्हणाल, तर व्यापारी आला आणि चांदणीला सोडून बाकीच्या घेऊन गेला. चांदणीला द्यायला त्यांचं मन झालं नाही. ती शेवंताबाईंच्याच दारात आहे.

पानं सुधारली त्याच दिवशी शेवंताबाईंचा फोन आला होता, "बाई, दिसायल्या." एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. मला मात्र अजून सगळं दिसत नाही. मालक म्हणजे कोण? ज्याचं नाव रकान्यात आहे तो, का ज्याच्या हातचा पाला ती खाते तो, का ज्याच्या आवाजाला ती मान वर करते तो? मेलेल्या माणसाचा वाटा चालू ठेवणारा व्ह्यू मी लिहिला, तो बरोबर आहे की चूक? माझ्या पुस्तकांत हे कुठं नाही. संस्थेच्या नियमांतही नाही. सचिव म्हणतात, तुम्हीच ठरवा. मी म्हणते, मला खात्री नाही, तुम्हाला आहे का?

मागच्या वेळ अमावस्येला शेवंताबाईंनी मला शेतात जेवायला बोलावलं. मल्लिनाथ आले होते, आईंना घेऊन. मी मुद्दाम फोन सोबत नेला होता, वाटणी झाली की तिथंच नावं लावून टाकू म्हणून. जेवणं झाली, भज्जी झाली, आंबील झाली. मल्लिनाथ दोन पाटींपुढं बसले, दात बघितले, कास बघितली, कानाखाली हात लावून बघितला. शेवंताबाई शेजारी उभ्या. त्यांनी मान हलवली. "अजून कच्चा हाय," त्या मला म्हणाल्या. मी फोन पिशवीत ठेवला. मल्लिनाथांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर उन्हाळ्यात संस्थेच्या बैठकीला मी बेंबळीला गेले होते आणि शेवंताबाईंच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. त्यांचा फोन वाजला. त्या फोन नेहमी स्पीकरवरच ठेवतात, कानाला लावला की ऐकू येत नाही म्हणतात. पलीकडं मल्लिनाथ होते, सोलापुरातून. अण्णांचा तो कोपरा फुटलेला फोन त्यांनी बंद केला नव्हता, घरात चार्ज करून ठेवतात असं मला मागाहून समजलं.

"मावशी, अण्णांना मेसेज आलाय," ते म्हणाले. "पाटींना आंत्रविषाराची लस द्यायचीय."

शेवंताबाईंनी कपातला चहा संपवला.

"दिली," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना."